राजधान्या तोंडपाठ, पण आफ्रिका कुठल्या दिशेला? मुलांचा भूगोल घरी कसा तपासायचा

नागपुरातल्या एका वडिलांचा प्रश्न असा आहे: "मुलगा यंदा पाचवी पास झाला. मोबाईलवर जगाच्या भूगोलाची एक चाचणी सोडवली, २५ पैकी २२ मिळाले. राजधान्या धडाधड सांगतो. परवा रात्री गच्चीवर सहज विचारलं, आफ्रिका कुठल्या दिशेला आहे रे? तो गोंधळला, आणि मग दक्षिणेकडे हात करून म्हणाला, कन्याकुमारीच्या खाली. प्राथमिक शाळेत जगाबद्दल जे शिकवतात, ते त्याला खरंच किती समजलंय हे घरी कसं तपासू?"

मी नागपुरात २६ वर्षं शिकवलं, आधी परिसर अभ्यास आणि मग भूगोल. तुमच्या मुलाचं उत्तर वाचून मला अजिबात धक्का बसला नाही. पहिली गोष्ट, ते २२ गुण थोडे बाजूला ठेवा. चार पर्यायांच्या चाचणीत डोळे मिटून खुणा केल्या तरी २५ पैकी सहा बरोबर येतात. उरलेल्यांमध्येही मूल नाव 'ओळखतं', आठवत नाही. समोर कॅनबेरा लिहिलेलं दिसलं की हात तिकडे जातो. पण कॅनबेरा कुठल्या गोलार्धात, तिथे आत्ता थंडी असेल की उन्हाळा, हे त्या चाचणीत कोणी विचारलेलंच नसतं. भूगोल म्हणजे 'कुठे' आणि 'तिथेच का'. हे दोन प्रश्न जी चाचणी विचारत नाही, ती पाठांतर तपासते. पाठांतर वाईट नाही, पण तुम्ही विचारताय ते वेगळं आहे.

मलाही हे उशिरा उमगलं. सुरुवातीची सात-आठ वर्षं मीसुद्धा देश-राजधानीच्या जोड्या लावून घ्यायचे. एका वर्षी वर्गात एक मुलगी होती, प्रत्येक चाचणीत पैकीच्या पैकी. एकदा मधल्या सुट्टीत टेबलाजवळ येऊन तिनं विचारलं, "मॅडम, आपण भारतात राहतो का आशियात?" तिला दोन्ही नावं येत होती, पण एकाच्या पोटात दुसरं आहे हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना १९५०च्या सुमारास जिनिव्हातल्या मुलांमध्ये हेच आढळलं होतं. लहान मुलांना आपण एकाच वेळी जिनिव्हाचेही आणि स्वित्झर्लंडचेही कसे, हे पटत नसे. तेव्हापासून माझी पहिली चाचणी हीच असते. तुम्हीही इथूनच सुरू करा.

स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे सात डबे घ्या. सात चिठ्ठ्यांवर लिहा: आपली वस्ती, नागपूर शहर, नागपूर जिल्हा, महाराष्ट्र, भारत, आशिया, पृथ्वी. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी टाकून डबे एकात एक बसवायला सांगा. बहुतेक पाचवीची मुलं भारतापर्यंत बरोबर जातात. मग दोन चिठ्ठ्या जास्तीच्या द्या, 'विदर्भ' आणि 'लंडन', आणि विचारा, या कुठे बसतील? विदर्भ जिल्ह्याच्या आत की बाहेर? लंडन पृथ्वीच्या डब्यात जाईल, पण आशियाच्या डब्याबाहेर. इथे मूल थांबून विचार करतं, ते नीट बघा. दोन मिनिटं लागली तरी मध्ये बोलू नका.

दुसरी चाचणी तुमच्याकडून नकळत होऊन गेली आहे, गच्चीवरची. ती मला फार आवडते, कारण नकाशाचं 'वर-खाली' तिथे उपयोगी पडत नाही. भिंतीवरचा नकाशा बघून बघून मुलांना उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली वाटू लागतं. सूर्य कुठे मावळला हे त्याला आधी ठरवू द्या, आणि मग हातानं दाखवायला सांगा: दिल्ली, चेन्नई, मुंबई, कोलकाता. दिल्ली सरळ उत्तरेला, चेन्नई दक्षिणेला, मुंबई पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे झुकून, कोलकाता पूर्वेला किंचित उत्तरेकडे. नागपूरच्या मुलांना हे सोपं जातं, आपण देशाच्या साधारण मध्यावर असल्यामुळे चारही महानगरं चार बाजूंना पडतात. हात तसाच पुढे न्यायला सांगा. मुंबईच्या पलीकडे अरबी समुद्र, आणि तो ओलांडला की आफ्रिका, म्हणजे पश्चिम ते नैर्ऋत्य. युरोप वायव्येला, जपान ईशान्येला, ऑस्ट्रेलिया आग्नेयेला. तुमच्या मुलानं कन्याकुमारीच्या खाली म्हटलं, त्यात अर्धं बरोबर आहे. हिंदी महासागर त्याला आठवला. फक्त आफ्रिका त्या महासागराच्या पश्चिम काठावर आहे, हे बसलेलं नाही.

मग खरोखर कन्याकुमारीच्या खाली काय आहे? हा प्रश्न त्याला उलट विचारा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांश आणि ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीगोलावर याच रेखांशावरून बोट सरळ दक्षिणेला न्या. तमिळनाडू संपलं, श्रीलंका डाव्या हाताला राहिली, आणि मग जमीनच नाही. थेट अंटार्क्टिका. तिथे किनाऱ्यापाशी, ७६ अंश पूर्व रेखांशाजवळ, २०१२ साली सुरू झालेलं भारताचं 'भारती' हे संशोधन केंद्र आहे. म्हणजे नागपूरहून नाकासमोर दक्षिणेला चालत राहिलं तर पुढचा भारतीय माणूस साधारण तिथे भेटेल. हे सांगितल्यावर एकही मूल मी आजवर मोबाईलकडे वळलेलं पाहिलं नाही.

आता मुख्य चाचणी. कोरा कागद आणि पेन्सिल. "आठवेल तसं जग काढ. दहा मिनिटं." नकाशा बघायचा नाही, छापील आराखडा द्यायचा नाही. किनारे वेडेवाकडे येणार, ते सोडून द्या. तुम्ही पाहायचं ते एवढंच: सातही खंड आले का? विषुववृत्ताची रेघ मारायला सांगितली तर ती आफ्रिकेच्या मधून जाते का? युरोप आफ्रिकेच्या उत्तरेला आला का? ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका वेगळे आले का? भारत नेहमीच फुगलेला येतो, त्याची काळजी करू नका. घर सगळ्यांनाच मोठं वाटतं.

एक चूक जवळपास हमखास होते, आणि ती मोठ्यांचीही होते. दक्षिण अमेरिका लोक उत्तर अमेरिकेच्या बरोबर खाली काढतात. खरं तर ती बरीच पूर्वेकडे सरकलेली आहे. पेरूची राजधानी लिमा ही दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आणि वॉशिंग्टन हे अमेरिकेच्या पूर्व भागातलं शहर, पण दोन्ही साधारण ७७ अंश पश्चिम रेखांशावर आहेत. मुलानं ही चूक केली तर गुण कापू नका, गोल पुढ्यात ठेवा आणि त्यालाच शोधू द्या.

मोठा गोंधळ असतो तो पॅसिफिक महासागराचा. काही वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलाला मी भिंतीवरच्या नकाशाजवळ उभं केलं. विचारलं, जपानहून एक जहाज पूर्वेला निघालं, कुठे पोहोचेल? त्यानं जपानवर बोट ठेवलं, उजवीकडे सरकवलं, नकाशाच्या लाकडी पट्टीपर्यंत आणलं आणि थांबला. "मॅडम, जग सरलं." मी म्हटलं, मग जहाजाचं काय? तो बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला. "पडन नं ते." त्याला पृथ्वी गोल आहे हे पाठ होतं, परीक्षेत त्यानं तसं लिहिलंही असतं. पण नकाशाच्या उजव्या कडेचा पॅसिफिक आणि डाव्या कडेचा पॅसिफिक हे एकच पाणी आहे, हे त्याच्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. मी पृथ्वीगोल आणला, त्याचं बोट पुन्हा जपानवर ठेवलं आणि गोल हळूच फिरवला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला बोट लागलं तेव्हा तो ओरडला, "हे तं अमेरिका हाय!"

हा प्रश्न तुमच्या मुलाला नक्की विचारा, नकाशासमोर उभं करून. त्याच्या २२ गुणांपेक्षा या एका उत्तरातून तुम्हाला जास्त कळेल.

गोल जमिनीचं सपाट चित्र का बिघडतं, हे दाखवायला आपल्यासारखं शहर नाही. आपलं संत्रं घ्या. त्याची साल सैल असते, अलगद सुटते. सालीवर बॉलपेननं खंड काढायला सांगा, देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मग साल होईल तितकी अखंड सोलून पाटावर तळहातानं दाबून सपाट करायची. साल फाटतेच. फाटू द्यायची नसेल तर ध्रुवाजवळचा भाग ओढून रुंद करावा लागेल, आणि भिंतीवरच्या अनेक नकाशांत नेमकं तेच केलेलं असतं. म्हणून तिथे ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर, आपला भारत ३२.८७ लाख, आणि आफ्रिका सुमारे ३ कोटी ३ लाख. आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात. "भारत मोठा की ग्रीनलंड?" हा प्रश्न आधी नकाशा दाखवून विचारा आणि मग संत्रं सोलून झाल्यावर. दोन्ही उत्तरं लिहून ठेवा.

याचंच पुढचं पाऊल म्हणजे दोरा. पृथ्वीगोलावर नागपूर आणि शिकागो यांच्यामध्ये शिवणाचा दोरा ताणून धरा. आधी मुलाला विचारा, विमान कुठून जाईल? सगळी मुलं युरोप आणि अटलांटिक सांगतात. ताणलेला दोरा मात्र रशियावरून उत्तर ध्रुवाजवळून जातो. आपल्याकडे किती घरांतले काका, आत्या, ताई तिकडे असतात. त्यांच्या गावी दोरा ताणायला मुलांना फार आवडतं, आणि आर्क्टिक महासागर म्हणजे नकाशाच्या माथ्यावरची पांढरी पट्टी नाही, दोन खंडांच्या मधलं पाणी आहे, हे न सांगता कळतं.

वाणसामानाच्या यादीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते. दहा-बारा वर्षांपासून माझी सगळ्यात भरवशाची चाचणी तीच आहे. आपल्या घरात वरण रोज होतं. तूर विदर्भातही पिकते, कळमन्याच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, पण देशाला ती पुरत नाही. म्हणून म्यानमार, मोझांबिक, टांझानिया इथून येते. मसूर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया आणि युक्रेनमधून. ही नावं मुलाला आधी सांगून टाका, ती ओळखण्यात काही परीक्षा नाही. परीक्षा पुढे आहे. देश गोलावर शोध, खंड सांग, विषुववृत्तापासून जवळ की लांब ते सांग, आणि मग सांग, पामतेल इंडोनेशियातूनच का येतं, कॅनडातून का नाही? पाचवीचं मूल "तिथे गरम असतं आणि पाऊस खूप असतो" इथपर्यंत आपल्या बळावर आलं, तर विषुववृत्त त्याला कळलं असं खुशाल समजा. आणि कॅनडातून जहाज निघून मुंबईच्या बंदरात यायला कुठले महासागर ओलांडेल, हे बोटानं दाखवता आलं, तर महासागरांची वेगळी परीक्षा घ्यायची गरज नाही.

क्रिकेट बघत असेल तर आणखी सोपं. न्यूझीलंडमधली कसोटी आपल्याकडे पहाटे साडेतीनला का सुरू होते आणि वेस्ट इंडीजमधली संध्याकाळी साडेसातला का? मेलबर्नला डिसेंबरच्या सामन्यात प्रेक्षक टोप्या घालून उन्हात का बसलेले असतात? वेस्ट इंडीज हा देश आहे का? तो देश नाही, अनेक बेटांचे देश मिळून तो संघ होतो, आणि त्यातला गयाना तर बेटही नाही, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे.

ऋतूंवर एक प्रश्न जरूर विचारा: उन्हाळा का होतो? "पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून" हे उत्तर आलं तर ते घट्ट बसलेलं चुकीचं उत्तर आहे आणि मोठ्या माणसांतही सापडतं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, नागपुरात स्वेटर घालतात तेव्हा. कारण आहे आसाचा कल, म्हणजे पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते तो तिरपा असणं. तो शब्दांनी समजत नाही, गच्चीवर समजतो. २६ मेच्या आसपास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास स्टीलचा सरळ पेला उन्हात ठेवा. त्याची सावली नाहीशी होते, सूर्य अगदी डोक्यावर असतो. जुलैच्या मध्यावर पुन्हा एकदा तसं होतं, पण तेव्हा बहुतेक ढग असतात. वर्षात फक्त हेच दोन वेळा, कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. दिल्लीत तसं कधीच होत नाही. "सूर्य रोज बारा वाजता डोक्यावर येतो" असं तुमचा मुलगा म्हणाला, तर २६ मे कॅलेंडरवर लिहून ठेवा. उन्हाची काळजी घ्या, पेला ठेवून सावलीत बसा, पाच मिनिटांचं काम आहे.

पाचवीअखेर नक्की काय यावं, असं तुम्ही विचाराल. माझ्या मते सात खंड आणि पाच महासागर गोलावर बोट ठेवून दाखवता यावेत, नुसती नावं नाहीत. विषुववृत्त, कर्कवृत्त आणि मकरवृत्त, दोन ध्रुव. दिवस-रात्र का होते. भारताचे शेजारी: आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे जमिनीवरून सात, म्हणजे पाकिस्तान, अफगाणिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, आणि समुद्रापलीकडे श्रीलंका व मालदीव. सहारा, हिमालय, नाईल, ॲमेझॉन कुठल्या खंडात. आणि वीस-पंचवीस देश, जे त्याच्या ऐकण्या-बोलण्यात येतात. १९३ देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत, ते सगळे त्याला यायची काही गरज नाही.

राजधान्या शेवटी आणि थोड्या. विचारायच्याच असतील तर आधी उत्तरपत्रिका तपासा. एका स्पर्धा परीक्षेच्या सराव पुस्तिकेत मी ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी छापलेली पाहिली आहे. ज्या मुलानं कॅनबेरा लिहिलं त्याचा गुण गेला आणि तो रडत माझ्याकडे आला. पालकांनी पत्र लिहिलं, दुरुस्ती मात्र कधी आली नाही. असा अन्याय घरात तरी होऊ नये. जुन्या चाचण्यांत नावंही जुनी असतात. स्वाझीलंड २०१८ पासून एस्वातिनी झालं, मॅसेडोनिया २०१९ पासून उत्तर मॅसेडोनिया, कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ मध्ये नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. परदेशी संकेतस्थळांवरच्या नकाशांत भारताच्या सीमाही वेगळ्या दाखवलेल्या असतात, म्हणून देशाचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडूनच मुलाला द्या.

चाचणी घ्यायची पद्धतही सांगते, कारण बहुतेक पालक तिथे चुकतात. एका बैठकीत एकच चाचणी, वीस मिनिटांच्या वर नाही. उत्तर चुकलं की लगेच दुरुस्त करायचं नाही, "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारायचं आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. गुण द्यायचे नाहीत. मी तीन खुणा करते: स्वतःहून आलं, गोल बघून आलं, अजून नाही. मग तीन आठवडे काही विचारायचं नाही, आणि त्यानंतर कोऱ्या कागदावरचं जग पुन्हा काढायला लावायचं. जुना कागद तोपर्यंत लपवून ठेवा. दोन्ही शेजारी ठेवले की त्याचं त्यालाच दिसतं.

पृथ्वीगोल नसेल तर सीताबर्डीत किंवा महालात शालेय साहित्याच्या दुकानात मिळेल. ३० सेंटीमीटर व्यासाचा घ्या, त्यावर १ सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर होतात, मुलांना पट्टीनं मोजता येतं. अक्ष कललेला आहे ना आणि खंडांची नावं मराठीत किंवा मुलाला वाचता येतील अशी आहेत ना, एवढं दुकानातच बघून घ्या.

आणि हो, मुलाला दगड आवडत असतील तर दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींत बसतात का, हे कागद कापून त्याला करू द्या. ते खंड कधी काळी ज्या एकाच भूभागात होते त्याला भूशास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. हे नाव आपल्याच या गोंडांच्या प्रदेशावरून पडलेलं आहे, आणि त्या काळातल्या खडकांच्या एका थराला आपल्या कामठीचं नाव आहे. कामठी म्हटल्यावर नागपूरच्या मुलाचा चेहरा कसा उजळतो, ते बघायला तुम्ही तिथे असायला हवं.

येत्या रविवारी गच्चीवर पुन्हा जा. आफ्रिकेबद्दल काही बोलू नका. सूर्य मावळताना त्याला मुंबई दाखवायला सांगा आणि विचारा, "आता समुद्र ओलांड. काय लागलं?"